बारा सेकंदांची जागा

टेप शनिवारी यायची, धुळ्याच्या एस्टीनं,
कंडक्टरच्या सीटखाली, कुणाच्या तरी कोंबड्यांशेजारी.
डब्याला कधी डिझेलचा वास, कधी कैऱ्यांचा.
झाकणावर एकच शिक्का :
सर्व केंद्रांसाठी.
त्या 'सर्व'मध्ये आम्हीही होतो,
अमळनेरबाहेर, बोरीच्या काठाला दोन खोल्या,
मागे ज्वारीत उभा मनोरा,
एक किलोवॅट. फ्यूज उडाला की तेवढंही नाही.

रविवारी रात्री नऊला तो बोलू लागायचा,
जुन्या गाण्यांचा माणूस.
आवाज असा, की नुकतीच दाढी करून
पावडर लावून बसलाय.
'तुमच्याकडे आज हवा छान असेल,' म्हणायचा.
आमच्याकडे शेहेचाळीस डिग्री.
मे महिन्यात फीतही जरा ढिली पडायची,
'छान' लांबत जायचं, छाऽऽन.

त्याला अमळनेर ठाऊक नव्हतं.
पण त्यानं जागा ठेवली होती :
तिसऱ्या आणि चौथ्या गाण्याच्या मध्ये
बारा सेकंद कोरी फीत.
तिथं आपापल्या केंद्राचं नाव सांगायचं, वेळ सांगायची.
नावाला चार सेकंद लागायचे, वेळेला तीन.
उरलेल्या पाचांचं काय करायचं
हे नियमावलीत नव्हतं.

आधी मी गप्प बसायचो.
मग हळूहळू त्या पाचात गाव शिरलं.
पारोळ्याच्या शेवटच्या गाडीला उशीर आहे.
रमण नेहेते, घरी या, मुलगी झाली.
मिलच्या गेटवर सायकल सापडलीय, हिरवी, घंटी नाही.

दिवसा आमची लाट चोपड्याला पोचेस्तोवर दमायची.
रात्री तीच सातपुडा ओलांडून जायची.
शास्त्र आहे त्याला, बोरसे इंजिनीअर
सिगारेटच्या पाकिटावर आकृती काढून दाखवायचे.
मला आकृती कळली नाही, पोस्टकार्डं कळली :
सेंधव्याहून एक,
आणि एक थेट रतलामच्या लोकोशेडमधून,
'भाईसाब, वो साइकिल का क्या हुआ?'

मनोऱ्याला लागून हिलाल खैरनारचं शेत.
त्याच्या गंजक्या कुंपणात एक गाठ होती,
तिला कान लावला की गाणं ऐकू यायचं,
बारीक, डासाएवढं.
राखणीला जाताना तो रेडिओ नेत नसे.
'सेल कसाले लेऊ?' म्हणायचा,
'मनी तार शे ना.'

एका शनिवारी टेप आलीच नाही.
पार्सल साक्रीला उतरलं म्हणे.
मी मागच्या रविवारचीच लावली,
तीच गाणी, तीच छान हवा,
आणि आठवडाभर मेमोची वाट बघितली.
आलं फक्त एक कार्ड,
निंबा बाविस्कर, मुक्काम शिरूड :
'मांगला टाइमले बायको माहेरले व्हती.
या टाइमले तिनी बी ऐकं.
बरं करं तुमीन.'

पुढे छतावर थाळी बसली.
आवाज आता आभाळातून
सगळीकडे एकाच क्षणी पडू लागला,
कोऱ्या जागेत साबणाची जाहिरात.
चांगली होती. कधी चुकली नाही.

मनोरा गेल्या वर्षी कापून नेला,
गॅसकटरनं, तीन दिवस लागले.
हिलालच्या नातवानं सिमेंटचे खांब रोवलेत.
जुनी तार गोठ्यामागे वेटोळं करून पडलीय,
भंगारवाला भाव देत नाही.
मी तिथं उकिडवा बसून
ती गाठ शोधत राहिलो.
सगळ्याच गाठी सारख्या.
नातू म्हणाला, बाबा, धनुर्वात होईल.

फोनवर आता हवं ते लागतं,
एक गाणं संपायच्या आत दुसरं.
तिसऱ्यानंतर मी बोट ठेवून थांबवतो,
थोडा वेळ.
सून आतून विचारते, रेंज गेली का?

सायकल न्यायला कोणी आलं नाही.
तिच्यावरूनच मी घरी जायचो.
घंटी मात्र बसवून घेतली.